बिनवासाचा साबण

माझ्या नवऱ्याच्या अंगाला कधी कसला वास येत नाही. चाकणजवळच्या एका मोटारींच्या कंपनीत तो पेंट शॉपमध्ये आहे, म्हणजे गाड्यांच्या सांगाड्यांना रंग चढतो त्या बंदिस्त विभागात. तिथे डिओ, पावडर, केसांचं जेल, सुगंधी तेल, काही लावून जाता येत नाही. त्याचा कण जरी ओल्या रंगावर पडला तरी तिथे खळगा पडतो आणि अख्खं दार पुन्हा घासायला घ्यावं लागतं. नाशिक फाट्याला कंपनीची बस पकडण्याआधी तो बिनवासाच्या पांढऱ्या साबणाने अंघोळ करतो. लग्नाच्या हॉलमध्ये अत्तर लावणारा समोर आला की हा हात मागे घेतो. "नको राव, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे," असं त्याला सांगताना मी कितीदा तरी ऐकलं आहे.

अशी दुसरी व्यक्ती मला आयुष्यात एकच भेटली. रहाटणीच्या ज्या रुग्णालयात आमचे मूल होण्याचे उपचार चालले होते, तिथल्या प्रयोगशाळेतली बाई. सगळे त्यांना लॅबवाल्या मॅडम म्हणत. शरीराबाहेर भ्रूण वाढवायचं, सांभाळायचं, लागलं तर गोठवून ठेवायचं, हे त्यांचं काम. तपासायला डॉक्टरीणबाई होत्या, पण आमची मुलं या बाईंच्या ताब्यात होती. मी त्यांना मुलंच म्हणते. बाई साधारण माझ्याच वयाच्या, घट्ट वेणी, कपाळ मोकळं. त्या शेजारून गेल्या की हवा नुसती हलायची, तिला वास नसायचा.

मला त्यांचा पहिल्या दिवसापासून हेवा वाटला. तो अजून गेलेला नाही.

गर्भाशयात भ्रूण सोडायच्या दिवशी आम्हालाही त्यांचाच नियम होता. गजरा नाही, अत्तर नाही, सुगंधी साबण नाही. सासूबाई त्यासाठी मावळातल्या गावाहून आमच्या पिंपळे गुरवच्या घरी आल्या होत्या आणि पिशवीतून मोगऱ्याचा गजरा घेऊन उभ्या होत्या.

"आता गं बया! लेकराच्या कामाला निघालीस आन् डोकं मोकळंच? कसलं हॉस्पिटल म्हनायचं ह्ये?"

"आई, आत हवा गाळून सोडतात. वासाचा त्रास होतो," नवरा म्हणाला.

"कुनाला? डाक्टरला?"

"बाळाला."

"बाळाला वासाचा तरास? मंग त्ये तुझ्यावरच गेलंय म्हन की!"

आम्ही तिघंही हसलो. गजरा देवाला गेला. बाळ हा शब्द आमच्या घरात हसून उच्चारला गेला तो तेवढाच.

त्याआधीचे काही दिवस बाईंचा रोज सकाळी फोन यायचा. भ्रूण कशी वाढताहेत ते सांगायला. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, तिथे फोन बंद ठेवावा लागतो, म्हणून नंबर नवऱ्याचा दिला होता. त्या आठवड्यात त्याची दुसरी, म्हणजे दुपारची शिफ्ट होती. तो फोन घेऊन गॅलरीत जायचा आणि मी शाळेला निघता निघता दाराआड थांबायचे.

"मॅडम, आत हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्तच ठेवत असाल ना? हां, हां, आमच्याकडेपण तसंच. दार उघडलं तरी धूळ आत शिरता कामा नये. आणि फिल्टर? काय सांगता! आमचा सुपरवायझर तर फिल्टर बदला म्हटलं की आजारीच पडतो."

मग हसणं. तिकडूनही हसणं आलं असणार, कारण तो पुन्हा हसायचा.

"काय म्हणाल्या?" मी विचारायचे.

"तिन्ही छान आहेत."

फिल्टरवर एवढं बोलणं आणि मुलांवर तीन शब्द. हा माणूस घरी जेवताना बोलत नाही. मी वाचलेलं काही सांगायला लागले तर ऐकता ऐकता त्याचा डोळा लागतो. त्याच्या आत एवढे प्रश्न आहेत हे मला त्या बाईंमुळे कळलं. आणि माझी मुलं रोज सकाळी प्रथम कुणाला दिसतात, तर तिलाच. ग्रंथालयाचं कपाट उघडताना मला वाटायचं, आता ती तिकडे तिचं कपाट उघडत असेल.

पहिल्या वेळी आत नेताना नर्सने मंगळसूत्र, बांगड्या आणि चष्मा प्लास्टिकच्या डब्यात काढून ठेवला. माझा चष्मा जाड भिंगांचा आहे. तो नसला तर समोरचं माणूस मला धुक्यातल्यासारखं दिसतं. चष्मा असू द्या, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. मला अशा वेळी बोलायला जमत नाही.

त्या खोलीच्या भिंतीला एक लहान खिडकी होती, ती प्रयोगशाळेत उघडायची. अदलाबदल होऊ नये म्हणून खिडकीतून बाईंनी विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा. मग नवऱ्याचं."

नवरा हिरवा गाऊन घालून माझ्या उशाशी उभा होता. "नुसतं नाव घे, उखाणा नको," तो म्हणाला, आणि मला हसू फुटायच्या आत खिडकीपलीकडून हसू आलं.

समोरच्या पडद्यावर भ्रूण दाखवलं. मला भिंतीवर एक करडा उजेड दिसला.

"दिसलं का गं?" त्याने वाकून विचारलं.

"हो," मी म्हणाले.

परत येताना रिक्षात तो मला सांगत होता, "रंगावर शेवटचा पारदर्शक क्लिअर कोट मारल्यावर एखादा थेंब उभा राहतो बघ, तसं होतं. आतून दिवा लावल्यासारखं." मी रस्त्याकडे पाहत राहिले. माझ्याच मुलाचं वर्णन मला कुणीतरी ऐकवत होतं.

ते राहिलं नाही. काही महिन्यांनी गोठवलेल्या दोनांतलं एक सोडलं. तेव्हाही चष्मा डब्यात, तेव्हाही करडा उजेड. तेही राहिलं नाही. या मरणाला सुतक नाही, कुणी भेटायला येत नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "जे आलंच न्हाई त्याचं काय रडायचं, पोरी?" त्यात मायाच होती. शाळेत मी ताप आल्याचं कळवलं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकं लावायला हजर झाले.

त्या आठवड्यात आम्हाला रुग्णालयात बोलावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की माझ्याकडून पुन्हा बीजं मिळायची आशा नाही. म्हणजे नायट्रोजनच्या टाकीत उरलेलं ते एक होतं आणि त्यानंतर काही नव्हतं. शेजारी लॅबवाल्या मॅडम बसल्या होत्या. नवऱ्याने त्यांनाच विचारलं.

"मॅडम, डिफेक्ट कुठं राहिला? आमच्याकडे डिफेक्ट सापडला की रीवर्कला घेतो. घासतो, परत मारतो. गाडी सहसा स्क्रॅप करत नाही आम्ही. उरलेल्याचं आधीच काही करता येईल का?"

"सर, इथं रीवर्क नसतं," त्या म्हणाल्या. "आम्ही काही बनवत नाही हो. ती स्वतःच वाढतात. आम्ही फक्त त्यांना त्रास होऊ देत नाही."

तेव्हा तो रडला. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून. घरी दोन्ही वेळा तो रडला नव्हता, मला धीर देत होता. रडला तो तिच्यासमोर. मी पर्समधून रुमाल काढला, पण तोवर तिने टेबलावरचा टिश्यूचा डबा त्याच्याकडे सरकवला होता.

शेवटच्या दिवशी मी त्याच्याच साबणाने अंघोळ केली. रहाटणीला पोचलो, बाहेर बाकावर बसलो. आत बोलवायची वेळ टळून गेली. मग प्रयोगशाळेकडचं दार उघडून बाई स्वतः आल्या. मास्क हनुवटीखाली होता. नवरा उठून उभा राहिला. त्या त्याच्याजवळून पुढे आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"सकाळी बाहेर काढलं," त्या म्हणाल्या. "ते परत उमललं नाही."

"थोडं थांबून बघता येईल का, मॅडम?" नवऱ्याने विचारलं.

"थांबले, सर. म्हणूनच उशीर झाला."

मी विचारलं, "अजून आहे का ते?"

"आहे."

"मला बघायचंय. चष्मा लावून."

त्या माझ्याकडे वळल्या. "मागच्या दोन्ही वेळा चष्मा नव्हता?"

"नव्हता," मी म्हणाले.

"अगं, तू तर हो म्हणाली होतीस," नवरा म्हणाला. मी त्याला विचारलं, येतोस का. तो परत बाकावर बसला. "नको. माझ्या डोळ्यांत आधीची आहेत, तीच राहू देत."

त्याच खोलीत मी स्टुलावर बसले. खिडकी उघडली, पडदा उजळला. मध्यभागी एक लहानसं वर्तुळ होतं. आतला भाग आवळून एका बाजूला गेलेला, काळपट. बाहेरची कड मात्र अजून गोल होती. त्या कडेवरून मी नजर फिरवत राहिले, अवघड लिपीतली ओळ लावावी तशी. बाईंनी मध्ये एकदा विचारलं, "बंद करू?" मी थांबा म्हणाले. त्या थांबल्या.

"तुम्ही हे चांगलं असताना पाहिलंय," मी म्हणाले.

"हो."

"कसं होतं?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "घट्ट होतं. आणि घाईत असल्यासारखं. तिघांत सगळ्यात आधी हेच वाढलं होतं."

हे त्यांनी नवऱ्याला फोनवर सांगितलं नव्हतं, किंवा त्याने मला सांगितलं नव्हतं. कोणतं खरं ते मी विचारलं नाही. ती खिडकीशी उभी, मी खिडकीशी बसलेली, आणि दोघींच्याही अंगाला कसला वास नव्हता. तेवढ्यापुरती मी तिच्या बरोबरीची होते. पण तिने ते जिवंत पाहिलं होतं आणि मी असं.

आता त्याला बरेच महिने झाले. नवऱ्याने दोघांना पाहिलं, मी एकाला. तिघांनाही पाहिलेली ती एकटीच आहे, आणि हे मला अजून सहन होत नाही. मी पाहिलं ते कसं दिसत होतं हे नवऱ्याने कधी विचारलं नाही. विचारलं तर सांगेन असं मला वाटत नाही. त्याच्याकडे दोन आहेत. हे माझं आहे.

सासूबाई परवा आल्या तेव्हा त्यांनी पुन्हा गजरा आणला. "आता तरी माळ," म्हणाल्या. मी तो फ्रीजमध्ये ठेवला आणि तो तिथेच पिवळा पडला. अंघोळीला मी अजून बिनवासाचाच साबण घेते. ते त्याच्या कामावरच्या रंगासाठी, असं नवऱ्याला वाटतं. परवा वाण्याकडून येताना त्याने माझ्यासाठी त्याच साबणाची वेगळी वडी आणून ठेवली.