छावणीतला कॉम्प्युटर आणि गाभण आबा

आमच्या आबांना कॉम्प्युटरनं गाभण ठरवलं, ते दुष्काळाच्या वर्षी.

पाटोद्याच्या अलीकडं आमच्या दूध सोसायटीनं चारा छावणी उघडली होती. गावंच्या गावं गुरं घेऊन तिथं पालं ठोकून राहिलेली; आम्हीही, आमची म्हैस चंद्री घेऊन. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला (सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर!), म्हणून चेअरमनसाहेबांनी मला लिंबाखाली टेबल, कॉम्प्युटर आणि माईक दिला. जनावरांची आणि मालकांची नावं भरायची, चाऱ्याच्या वेळी पुकारायची. दुपारची झळ, वर लिंबाची सळसळ, भोवती हजार जबडे एका लयीत रवंथ करताहेत... पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं की माझे डोळे मिटायचे. मग आमच्या कोरड्या विहिरीला काठोकाठ पाणी यायचं आणि मी त्यात उताणा तरंगायचो!

आबांची हयात विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशी झटण्यात गेलेली. त्यांना हे यंत्र पसंत नव्हतं.

"काय करतंय ते?"

"विचार करतंय, आबा."

"सकाळधरनं? आपलं इंजिन बिघडलं तर खोकतंय, धूर काढतंय. माणसाला कळतंय तरी. ह्ये तर रुसल्या जावयावानी गप!"

"नवीन सॉफ्टवेअर हाय, आबा."

"आसंल. पण गिरणीत जवारी टाकल्यावर कधी मिरचीपूड पडती का?"

मी हसलो. (हसायला नको होतं.)

त्या दुपारी सॉफ्टवेअर अडकलं, आपोआप बंद पडलं आणि आपोआप चालू झालं. यादी दिसली तशी मी निवांत झालो. पेंगतच माईक ओढला आणि दिसेल ते वाचत सुटलो.

"मालक, चंद्री! म्हैस, आबाराव! रंग काळा, डावं शिंग मोडकं, गाभण!"

रवंथ थांबला. (निदान मला तसं वाटलं.) मालकांची नावं जनावरांच्या रकान्यात गेली होती आणि जनावरांची मालकांच्या! पण पेंगणारा माणूस आणि उतारावरची जुनी सायकल, दोन्हींना ब्रेक नसतो.

"मालक, ढवळी! गाय..." आणि मी खणखणीत आवाजात चेअरमनसाहेबांचं पूर्ण नाव घेतलं. "भाकड!"

बाया पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. चेअरमनसाहेब उसाच्या मोळीवरून ताडकन उठले.

"कोण भाकड बे?"

"मी न्हाई म्हणलो साहेब, सॉफ्टवेअर म्हणलं!"

"निवडणूक तोंडावर आली आन् तू मला माईकवर भाकड करतो? आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर, न्हाईतर तुझी म्हैस घरी ने!"

घरी चाऱ्याची काडी नव्हती आणि चंद्री खरोखरच गाभण होती. मी दिसेल ती कळ दाबत सुटलो. सरपंच शेळी झाले. पेंडवाला वळू झाला. (तो खूश होता.)

तेवढ्यात आबा मदतीला धावले. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावून म्हणाले, "तापलंय ते." इंजिन तापलं की ते त्यावर ओलं गोणपाट टाकायचे. टाकलं! ठस्स झालं आणि निळसर धुराचं वेटोळं वर चढलं.

"बघ," आबा समाधानानं म्हणाले, "आता कसं धूर काढतंय!"

माईकही मेला. वैतागून चेअरमनसाहेब ओरडले, "ज्यानं त्यानं आपलं जनावर हाक मारून चाऱ्याला न्या!"

आणि मग दिवस कलताना, त्या सोनेरी फुफाट्यात, चहूकडून हाका उठल्या. "चंद्रेऽऽ", "ढवळेऽऽ", "राजाऽऽ". धुळीतून एकेक काळं, पांढरं, तांबडं डोकं वळत होतं आणि सावकाश आपल्या माणसाकडं चालत होतं. चेअरमनसाहेबांनीही हळूच "ढवळे, ये माय" म्हटलं. ती आली आणि त्यांचा हात चाटत राहिली. साहेबांचा राग कुठल्या कुठं गेला. आबांकडं बघून म्हणाले, "न्या तुमच्या चंद्रीला, तिचं आधी पोट भरा."

पुढं बीडहून दुरुस्तीवाला आला. डबा गेला होता, यादी मात्र शाबूत होती; ती त्यानं नव्या डब्यात घेतली. एकेक चूक सुधारता सुधारता शेवटी एकच ओळ उरली, माझ्याच कळा दाबण्यानं यादीत घुसलेली. माझ्या नावापुढं 'बैल', आणि कामाच्या रकान्यात 'काही नाही'. दुरुस्तीवाला ती पुसणार, तोच माझी भाकरी घेऊन आलेली बायको पडद्यात डोकावली.

"ऱ्हाऊ द्या की ओ दादा," ती म्हणाली, "तेवढं एक मशीननं बराबर वळखलंय!"