पलंगासकट तंबू

आमच्या वन्सं जैसलमेरला तंबूत राहून आल्या, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही तेव्हा तलासरीत सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. हे तहसील कचेरीत आणि मी शाळेत. तंबू म्हटला की आम्हाला सर्कस आठवायची, नाहीतर निवडणुकीच्या ड्युटीवर यांनी मच्छर मारत काढलेली रात्र. वन्संचा तंबू मात्र वेगळा होता. त्यात पलंग होता, पलंगावर नक्षीची चादर होती, खाली गालिचा होता, वर काचेचं झुंबर होतं आणि (इथे वन्संचा आवाज खाली यायचा) बाथरूम आतच होतं.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. वयाने माझ्याहून लहान, पण पुण्याला दिलेली असल्यामुळे मोठी. सासर कडक शाकाहारी. माहेरी डहाणूच्या घरात बोंबलाच्या शेवटच्या तुकड्यासाठी भावाशी मारामारी करणारी ही बाई, लग्नानंतर नाकाला पदर लावून "वहिनी, मला आता वासही सहन होत नाही गं" म्हणायला लागली होती.

गणपतीत सगळे डहाणूला जमलो होतो. तंबूचे फोटो हातोहात फिरत होते, सासूबाई चष्मा लावून झुंबर बघत होत्या, आणि मी उकडीत कोपरापर्यंत हात घालून बसले होते. झुंबराचं कौतुक तिसऱ्यांदा सुरू झालं आणि माझं तोंड सुटलं.

"आमच्याकडे पण आहे की तंबू. चिंचणीला. अगदी समुद्राला लागून. पलंगासकट."

यांना ठसकाच लागला.

"अय्या, कधी घेतलात?" वन्सं म्हणाल्या.

"आत्ताच."

"मग दिवाळीत येतोच आम्ही दोघं. दादा, बोलला नाहीस ते!"

दादा काय बोलणार? दादाला ही बातमी नवीनच होती. परतीच्या एस.टी.त त्यांनी तोंड उघडलं ते थेट चारोटीला. "नुसता तंबू म्हणाली असतीस तर कुठूनतरी उभा केला असता. पलंगासकट म्हणायची काय गरज होती?"

गरज काही नव्हती. पण आता दिवाळीत तंबू उभा राहिला नाही, तर पुढच्या प्रत्येक गणपतीत, लग्नात, मुंजीत मोदकांबरोबर मलाही ताटात वाढलं जाणार होतं. सासरच्या माणसांची स्मरणशक्ती याबाबतीत फार चांगली आहे.

कापडाचा प्रश्न गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडला सुटला. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागतात, त्यामुळे तिथे जुन्या ताडपत्र्या मिळतात. धाब्याच्या मागे एकाने ताडपत्री उलगडली ती उलगडतच गेली. "लई जाव बेन, घर जेवडी छे," तो म्हणाला. खरंच घराएवढी होती. तिला कांद्याचा वास येत होता आणि मधोमध मालकाने पांढऱ्या रंगात भली मोठी गुजराती अक्षरं रंगवलेली होती. आतून जुन्या साड्यांचं अस्तर लावायचं मी ठरवलं. साड्या पुरल्या, फक्त अक्षरांपाशी कमी पडल्या.

जागेचा प्रश्न तलासरीच्या बाजारात सुटला. सुकी मासळी विकायला चिंचणीची एक मावशी तिथे बसायची, माझी जुनी ओळख. तिच्यापुढे मी माझं दुःख मांडलं. ती पोट धरून हसली.

"घर सोडून वाळूत झोपायचं? पाव्हण्यांनी काय वाईट केलंय गो तुझं?"

"मावशी, इज्जतीचा प्रश्न आहे."

"मग आमच्या काठ्यांना बांध. होड्या गेल्यात, रिकाम्याच हायेत."

काठ्या म्हणजे बोंबील वाळवायचे बांबू. किनाऱ्याला ओळीने रोवलेले, आडव्या दोऱ्या ताणून बांधलेल्या. असा आयता सांगाडा मिळाल्यावर आणखी काय हवं? मी त्यातलं 'रिकाम्याच' तेवढं ऐकलं. होड्या गेल्यात म्हणजे कधीतरी परत येणार, हे दोन शिकलेल्या सरकारी माणसांच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत टेम्पोतून आमचा लोखंडी पलंग चिंचणीला गेला. गालिच्याच्या जागी शाळेच्या गॅदरिंगची सतरंजी. बाथरूमसाठी मागच्या अंगाला चादरींचा आडोसा आणि तोटी बसवलेलं पिंप. उदबत्त्यांचा तर पुडाच्या पुडा जाळला. झुंबराचं मात्र काही जमेना. हे म्हणाले, "कंदील टांग आणि गप्प बस." मी कंदील टांगला.

वन्सं आल्या, वाकून आत शिरल्या आणि बघत राहिल्या. जावईबापू पलंगावर आडवे झाले, तर डोक्यावर ती उलटी अक्षरं.

"वहिनी, ही नक्षी कसली?"

"कच्छी," मी म्हणाले.

"सुंदर आहे," ते म्हणाले. माणूस पहिल्यापासून सज्जन.

वन्संनी तोटी फिरवून पाहिली. पाणी आलं. कंदिलाकडे पाहून मात्र त्या गोड हसल्या. "झुंबर नाही बसवलंत अजून?"

"यायचंय," मी म्हणाले. माझं तोंड असंच आहे.

रात्री सगळे गाढ झोपले. तंबू पडला नाही. याहून जास्त त्या रात्रीबद्दल मला काही मागायचं नव्हतं.

जाग आली ती बायकांच्या आवाजाने. शंभर कावळे एकदम बसावेत तसा कलकलाट. पाठोपाठ तंबू हलायला लागला. मी बाहेर डोकं काढलं आणि माझ्या कपाळाला गार, ओलं काहीतरी लागलं. बोंबील. त्याच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेला, दोघे दोरीवर लटकत होते. त्यांच्याशेजारी आणखी दोन. त्यांच्याशेजारी आणखी. होड्या आल्या होत्या, भरून आल्या होत्या, आणि बोंबील काही पाहुण्यांसाठी थांबत नाही. आमचा तंबू चारही बाजूंनी बोंबलांनी मढला होता. दारावर तर तोरणच.

"मावशी, अगं हे काय!"

"तुझ्या दोऱ्या मोकळ्या होत्या, म्हटलं वाया का घालवा?" ती हात न थांबवता म्हणाली. "झोप तू. तुझी काय अडचण नाय आम्हाला."

आता संपलं, मी मनात म्हटलं. मोदकांबरोबर मला ताटात वाढलं गेलं. मागे जावईबापू उठून बसले होते, नाकावर रुमाल. हे भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होते, तंबूला भिंत नसतानाही.

वन्सं बाहेर आल्या. केस सुटलेले. दोरीपाशी उभ्या राहिल्या. सूर्य नुकताच वर येत होता आणि ओले बोंबील वाऱ्यावर हलताना चांदीसारखे चमकत होते. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आता ओढून फेकणार. त्यांनी दोरीवरून एक जोडी अलगद काढली.

"वहिनी," आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं, "स्टोव्ह आणलायस ना?"

मी स्टोव्हच काय, तांदळाचं पीठ, तिखट, हळदसुद्धा आणली होती. आमच्यासाठी, गुपचूप. मावशीने टोपलीतले ओंजळभर ताजे बोंबील समोर ओतले. "घे गो पोरी, ताजे खा. पुण्यात मिळायचे नाय."

जावईबापूंनी स्टोव्हकडे पाहिलं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, रुमाल खिशात ठेवला. "मी जरा समुद्र बघून येतो," म्हणाले. "बराच वेळ लागेल."

वन्सं वाळूत मांडी घालून बसल्या आणि तव्यावरून थेट खाल्लं. बोटं भाजली तरी खाल्लं. शेवटच्या तुकड्याला यांनी हात घातला, तेव्हा सख्ख्या भावाच्या हातावर अशी चापट बसली की बायकांनी माना वळवून पाहिलं.

"दादा, हात लावलास तर बघ!"

पुढच्या वर्षी पुण्याला त्यांच्याकडे मुंज होती. मी कोपऱ्यात बसले होते, माझ्या तंबूचा विषय निघायची वाट बघत. निघालाच. वन्सं भर पंगतीत तूप वाढता वाढता थांबल्या.

"जैसलमेरचं काय घेऊन बसलात? आमच्या वहिनीच्या तंबूतलं झुंबर बघा! पहाटे लावतात. अस्सं चमकतं! आम्ही दर दिवाळीला जाणार."

"मग एकदा मलाही ने की गं," त्यांच्या सासूबाई म्हणाल्या.

मी घास परत पानात ठेवला. पण जावईबापू मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून अगदी गंभीरपणे म्हणाले, "आई, तुला नाही झेपायचं. त्या झुंबराला वारा फार लागतो."

मी आणखी एक जिलबी मागून घेतली.