भांडे ओळी जैसे थे

आमच्या गावच्या भांडे ओळीवर माझ्या मामेसासऱ्यांइतका जीव दुसऱ्या कुणीही लावला नसेल. आणि त्यात ती ओळी ज्याने वसवली तो माणूसही आला. ओळी म्हणजे गावाचा मधला बाजार. दोन्ही बाजूंना पितळेची दुकानं, मध्ये एखादा कापडवाला, एक बांगडीवाली, आणि कडेने दगडी झाकणांची नाली. लग्नसराईत पार नाकाडोंगरी-बपेऱ्याकडून बैलगाड्या यायच्या आणि आंदणाचे गुंड, म्हणजे पाण्याचे पितळी हंडे, आणि पराती भरून परत जायच्या. मग एसटीचा नवा स्टँड गावाबाहेर डांबरी रस्त्यावर गेला, स्टीलची भांडी आली, आणि दुकानदार एकेक करून स्टँडकडे सरकले. मामाजी मात्र आपल्या भांड्यांच्या दुकानातून हलले नाहीत; त्यांच्या लेखी कोणी कुठे गेलेलंच नव्हतं. ते पत्ता सांगायचे तोही उठून गेलेल्या दुकानांच्या खुणेने. "सिद्धे जा, घडीवाल्याजवळून वळा, अन् छत्रीवाल्याच्या समोर थांबा." घडीवाल्याला गोंदियाला जाऊन चार वर्षं झालेली, छत्रीवाल्याच्या ओट्यावर कुत्री झोपलेली. कारध्याचे एक पाहुणे या पत्त्यावर तास-दीड तास फिरून शेवटी मामाजींच्याच दुकानात पोचले, तर मामाजी वर त्यांनाच रागावले, "कसे जी तुमी? एवढा मोठा बाजार दिसत नाही का तुमाले?"

भांडं घ्यायचं तर बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचा, ही धंद्यातली साधी रीत. मामाजींनी ती भांड्यांपुरती ठेवली नव्हती. विजेचा खांब, देवळाचं दार, टरबूज, नव्याने आलेला तलाठी, जे समोर येईल ते ठोकून पाहायचे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बैठकीत सगळे पगार-पाणी विचारत होते, आणि हे गृहस्थ उठून माझ्या मागे आले, पाठीवर तीनदा ठोकलं आणि बायकोच्या वडिलांना म्हणाले, "आवाज जरासा बद्द येते, पन चालन." नगरपालिकेतल्या आवक-जावक लिपिकाचा आवाज आणखी कसा येणार, हे मला तेव्हा त्यांना विचारायला हवं होतं. नवरदेव असल्यामुळे गप्प बसलो.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, आणि भाचीबरोबर जवायाच्याही. त्यामुळे लग्न झाल्यापासून हा पिकल्या मिशांचा माणूस मला पाहिलं की वाकायचा. घरी, रस्त्यात, अगदी न्हाव्याच्या दुकानातसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण हेच मामाजी अर्ज घेऊन नगरपालिकेत आले की ओळख दाखवायचे नाहीत. रांगेत उभे राहायचे, खिडकीशी आले की घसा खाकरून म्हणायचे, "सायेब, अर्ज आहे." पोच घ्यायची, घडी करून खिशात ठेवायची, मग खिडकीला वळसा घालून आत यायचं आणि माझ्या पाया पडून विचारायचं, "जवाईबापू, पोरी बऱ्या आहेत ना?" अर्ज तर काय, आठवड्याला एक ठरलेला. दिवा गेला, अर्ज. डुकरं शिरली, अर्ज. एकदा तर ओळीत दोन दिवस कोणी शिव्या दिल्या नाहीत, म्हणजे माणसांची वर्दळ कमी झाली, याबद्दल चिंता व्यक्त करणारा अर्ज आला. तो कोणत्या खात्याला पाठवायचा यावर आमच्या ऑफिसात अर्धा दिवस गेला.

पुढे नालीची झाकणं खचली आणि थट्टा संपली. घाण पाणी रस्त्यावर यायला लागलं. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बाया लुगडी वर धरून, नाक दाबून कशाबशा दोन दुकानं चालायच्या आणि मागे वळायच्या. पुढच्या सराईत त्या आल्याच नाहीत. मामाजींनी मग आयुष्यातला सगळ्यात मोठा अर्ज लिहिला. कुणाच्या तरी शेतीच्या भांडणात साक्ष द्यायला ते कोर्टात गेले होते, तिथे वकिलाच्या तोंडून त्यांनी 'जैसे थे' हा शब्द ऐकला होता. शब्द त्यांना फार आवडला. म्हणाले, "वजनदार आहे, जवाईबापू. आपन 'पयल्यासारखी करा' लिवलं तं सायेब हासतात. हे कसं, त्यांच्याच बोलीतलं झालं." तीन पानी अर्ज होता. ओळी कशी होती, कोण कुठे बसायचं, सगळं लिहून शेवटी घातलं होतं : तरी सदरहू ओळी जैसे थे करून मिळावी, ही नम्र विनंती.

आता कोर्टकचेरीत 'जैसे थे' म्हणजे आहे तसंच राहू द्या, हात लावू नका. हे मामाजींना ठाऊक नव्हतं, पण मला होतं. आणि तीन पानं वाचली असती तर त्यांना काय हवंय ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण त्यांचा अर्ज कोण वाचतो! दुपारची वेळ, डोळ्यांवर झापड. मी फक्त शेवटची ओळ पाहिली आणि माझ्या सुवाच्य अक्षरात वर विषय लिहिला : भांडे ओळी जैसे थे ठेवणेबाबत. 'करून'चं 'ठेवणे' झालं ते तिथे. काम न करण्याबद्दल अर्ज आलेला पाहून साहेब इतके खूश झाले की त्यांनी त्याच दिवशी 'मान्य' लिहून सही ठोकली.

ते पत्र घेऊन मामाजींनी ओळीत बुंदी वाटली. 'मान्य' एवढा एकच शब्द त्यांनी पत्रात वाचला असावा. बांगडीवालीच्या भावाने तिच्यासाठी स्टँडसमोर मोक्याची जागा बघून ठेवली होती. एकटी बाई, दोन लेकरं पदरात. ती मामाजींना विचारायला आली, "भाऊ, जाऊ का मी?" मामाजींनी पत्र तिच्या हातात दिलं. "मान्य झालं न! काहून जातेस? एक उन्हाळा थांब, मंग पाह्य." ती थांबली. मामाजींवर ओळीतल्या सगळ्यांचाच भरवसा होता.

आणि त्या दिवसापासून मामाजींचे अर्ज बंद झाले. मान्य झाल्यावर तगादा लावणं शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी गेलो की पाया पडून झाल्यावर हळूच विचारायचे, "काम कुठवर आलं जी?" मी घरपट्टीच्या टेबलावर गेलेलो, मला काय माहीत! मी आपलं ठोकून द्यायचो, "फाईल चालून राहिली, मामाजी." आणीबाणी आली, गेली, सरकारं पडली, उभी राहिली, आमच्या भांडे ओळीला मात्र कुणी हात लावला नाही. ओव्हरसियर दुसऱ्या गल्ल्यांत दगड बसवायचे आणि ओळीच्या तोंडाशी येऊन परत फिरायचे. अशी सहा वर्षं गेली. बांगडीवाली शेवटी उठली तेव्हा स्टँडवरच्या चांगल्या जागा संपल्या होत्या. सायकल स्टँडच्या पलीकडे, उन्हात, पोतं अंथरून ती बसायला लागली.

पुढच्या वर्षी एक नवे ओव्हरसियर आले, जरा चौकस होते. जुना माणूस म्हणून फाईल घेऊन माझ्याकडे आले, "या ओळीवर कोर्टाचा काही हुकूम आहे का हो?" मी फाईल उघडली आणि माझंच अक्षर माझ्याकडे पाहायला लागलं. खाली मामाजींची तीन पानं. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. तिसऱ्या पानावर बांगडीवालीबद्दलही दोन ओळी होत्या : ती बाई एकटी आहे, तिचे गिऱ्हाईक तुटू नये.

संध्याकाळी मामाजींकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते ऐकत होते, हातातल्या लोट्यावरून फडकं फिरवत होते. मी त्यांच्या पायांवर हात ठेवायला वाकलो, तर विंचू दिसावा तसे मागे उडाले. "पाप लावता का मले? जवाई हाव तुमी!" मला धड माफीसुद्धा मागता आली नाही. मग लोटा पुन्हा पुसायला घेत म्हणाले, "चूक माहीच हाय. आपला शब्द सोडून मी कायले सायबाचा शब्द वापराले गेलो? 'पयल्यासारखी करा' लिवलं असतं, तं तुमी काय केलं असतं?"

त्यांनी तेच लिहून दिलं, एका ओळीत. महिन्याभरात झाकणं बसली, दिवे लागले. ओळी अशी लख्ख झाली की मामाजी दोन दिवस नुसते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. मग मला म्हणाले, "चाला, गेलेल्यायले सांगून येऊ." स्टँडवर सगळ्यांनी बसायला दिलं, चौकशी केली, परत यायचं मात्र कुणी बोललं नाही. बांगडीवालीकडे शेवटी गेलो. तेवढ्या वर्षांत बाई किती उतरली होती! तिनेही मान हलवली. "आता कोठं जी, भाऊ. इथं बसाची सवय झाली." मग एकदम म्हणाली, "मान्य झालं होतं न? मंग अडलं कोठं? कोनाचं चुकलं?"

"माहं," मामाजी म्हणाले. "मीच उलटा लिवला."

ती त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली. ज्या माणसाच्या शब्दावर सहा वर्षं काढली त्याच्याकडे माणूस जसं पाहील, तसं. मामाजींनी मान खाली घातली. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, पण त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि तिला म्हणाले, "आमच्या जवायले च्या पाज, बाई."

तिने चहा मागवला आणि मी तो प्यालो. मामाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्या बाईलाही. ती नजर माझ्या वाट्याची होती, आणि ती त्यांनी स्वतःवर घेतली. मी बोलायला हवं होतं.