पांढऱ्या प्रवाळांचा तिसरा रकाना

दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी घर सोडून आम्ही गुडगावच्या नव्या सोसायटीत आलो. तिथे घरात पहिला संगणक आला आणि त्याच्यामागोमाग नणंदेचं काम माझ्याकडे आलं. ती कोकणच्या समुद्रात प्रवाळांचा अभ्यास करायची. तिथल्या एका खडकाळ पट्ट्यात चाळीस प्रवाळांना तिने नंबराचे पत्रे बांधले होते. दर उन्हाळ्यात पाण्याखाली जाऊन ती प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने एकेकाची नोंद करायची आणि पाट्यांच्या झेरॉक्स मला कुरिअरने पाठवायची. मी त्या टाइप करायच्या, छापायच्या आणि अहवाल दिल्लीतल्या एका कार्यालयात नेऊन द्यायचा, अशी वाटणी होती. मला असली कामं आवडतात. यादी केल्याशिवाय मी भाजी आणायलासुद्धा जात नाही.

त्या वर्षीच्या अहवालावर बरंच अवलंबून होतं. पर्यटकांच्या बोटी वाढल्या होत्या आणि त्यांच्या नांगरांखाली प्रवाळ मोडत होते. म्हणून त्या पट्ट्यात नांगर टाकायला एका वर्षापुरती बंदी होती. ती वाढवायची की उठवायची, हे एक समिती सोमवारी ठरवणार होती. ही बंदी मिळवायला नणंदेने बोटवाल्यांचे आणि साहेबांचे उंबरठे झिजवले होते.

पाट्यांवर ‘पांढरं’ हा शब्द सव्वीस वेळा होता. माझ्या तक्त्यात दोनच रकाने होते, जिवंत आणि मृत. पांढरं म्हणजे नुसता सांगाडा उरला, असं मी धरून चालले. सव्वीस नंबर ‘मृत’खाली घातले, बेरीज चाळीस आली, शुक्रवारी अहवाल देऊन आले. तिला प्रत फॅक्स केली.

रविवारी सकाळी तिचा फोन आला.

“वहिनी, सव्वीस मृत कुणी लिहिले?”

“तूच. पांढरं लिहिलंयस की.”

“पांढरं म्हणजे मेलेलं नाही.”

मग तिने समजावून सांगितलं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. तपकिरी रंग त्याचा असतो आणि प्रवाळाचं बरंचसं पोटही तेच भरतं. पाणी फार तापलं की शेवाळ बाहेर पडतं आणि आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. जीव मात्र असतो. उपाशी, पण असतो. पाणी वेळेत निवलं आणि कुणी मोडतोड केली नाही, तर रंग परत येऊ शकतो.

“आता समिती विचारेल, मेलेल्यांसाठी बंदी कशाला?” ती म्हणाली. “आजारी माणसांना तू तिरडीवर बांधलंस. तेही ओळीने, नीटनेटकं.”

मी कागद घेतला आणि करायच्या गोष्टी लिहिल्या: नवा तक्ता, तिसरा रकाना, चूक माझी आहे असं पत्र, सकाळी सातची बस.

सोमवारी कार्यालयातल्या बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, फाइल तो मीटिंग रूम में चली गई.”

“ये शुद्धिपत्र उसी में लगाना है.”

“पहले क्या लिखा था?”

“मरे हुए.”

“और अब?”

“सफेद पड़े हैं. बीमार हैं, पर जिंदा हैं.”

“मतलब आपने जिंदों को मार दिया?”

“जी.”

ते जरा हसले, “बैठिए” म्हणाले आणि स्टेपलर घेऊन स्वतः आत गेले. मी पर्स मांडीवर धरून बसून राहिले. दुपारी कळलं, बंदी आणखी वर्षभर वाढली होती.

पण रंग परतले नाहीत, तर पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार होता. पावसाळ्यात समुद्र बंद. ती पाण्यात उतरू शकली ती दिवाळीनंतर. बाहेर आल्या आल्या तिने बूथवरून फोन लावला. मी फोनपाशीच तक्ता आणि पेन्सिल तयार ठेवली होती.

“एक?”

“तपकिरी.”

“दोन?”

“तपकिरी. कडेला जरा फिकट.”

“सात?”

“सात गेला. बाहेरून दुसरंच, हिरवं शेवाळ चढलंय त्याच्या सांगाड्यावर. हा मृतमध्ये घाल, हा खरंच गेला.”

मी तसं लिहिलं. असे आणखी सहा निघाले. सव्वीसपैकी बाकी सगळ्यांनी रंग धरला होता. नंबर वाचता वाचता तिचा आवाज हलका होत गेला. शेवटी तर ती एकेका प्रवाळाचं कौतुक सांगायला लागली.

“पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तापेल का गं पाणी?”

“तापेलही. पण नांगरांनी मोडलेले नसले, तर तेवढे तरी तग धरतील. आता ठेवते, मागे रांग लागलीय.”

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की इतका वेळ मी उभीच होते. खुर्ची ओढली आणि बसले.