आईकडे दिलेला निरोप

डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलं, तेव्हा रिक्षात बसल्यावर आई एवढंच म्हणाली, "बरं झालं. तिथला चहा लई पांचट होता."

आम्ही ख्रिस्ती. आईचा विश्वास साधा होता: मेल्यावर प्रभूकडे जायचं, वडील आधीच गेलेले आहेत. फुलंब्रीला जाऊन यायचं असल्यासारखं ती ते सांगायची. "त्यांना एवढी वर्षं शांतता मिळाली, पुरे झाली," असंही म्हणायची.

भेटायला येणारे मात्र दारातूनच रडत यायचे. नवे पाळक तर प्रार्थना करता करता मधेच गहिवरले. आईनं त्यांचा हात धरला, उरलेली प्रार्थना स्वतः पूर्ण केली आणि मला म्हणाली, "पाळकसाहेबांना पाणी दे."

मला तिच्याएवढी खात्री नव्हती. शेंद्र्याच्या कंपनीतून रजा काढून मी नुसती तिच्या उशाशी बसून असायचे.

एका सकाळी दूधवाली मावशी कधी नव्हे ती आत आली आणि पलंगाजवळ जमिनीवर बसली. तिची लेक शाळेत असतानाच तापानं गेली होती.

"बाई, तुम्ही चालल्या तिथं माझी पोरगी दिसंल का?"

मी आईकडे पाहिलं. मावशी खंडोबाची भक्त. या प्रश्नावर पाळकांनीही विषय बदलला असता. आईनं थोडा विचार केला.

"तिथं कोण कोण असंल ते प्रभूच्या हातात. मला नाय ठाऊक. पण लेकरांवर त्याचा लई जीव. दिसली तर काय सांगू?"

"तिची म्हैस व्याली म्हणावं. वगार झाली."

"सांगते," आई म्हणाली. मग दोघी चाऱ्याच्या भावावर बोलत बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेवढ्यात दूध उतू गेलं.

आई रविवारी सकाळी गेली. संध्याकाळी माती दिली. मला तेव्हाही तिच्याएवढी खात्री नव्हती, पण आई त्या पेटीत आहे असं काही केल्या वाटेना. पुन्हा भेटण्याचं गीत सुरू झालं. लहानपणापासून मी ते नुसते ओठ हलवून म्हणायचे. त्या दिवशी आवाज निघाला, तोही भलत्याच पट्टीत. मामांनी वळून पाहिलं. मी सगळी कडवी म्हटली.