दोन्हीकडे जेवलेला माणूस

कँटीनमध्ये नावं ठेवणारी माणसं मला आवडतात. भाजी खारट झाली, चपाती चामड्यासारखी झाली, चहा पांचट लागतो, असं ताट हातात धरून ओरडणारा माणूस सहसा ठीक असतो. त्याला भूक असते, चव कळत असते आणि भांडायला अंगात जोर असतो. मुकाट्याने ताट घेणाऱ्याकडे आणि मुकाट्याने अर्धं टाकून जाणाऱ्याकडे मात्र दोनदा बघावं. हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

उंब्रजच्या पुढे हायवेला लागून आमचा कारखाना आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात. कँटीनचं कंत्राट दुसऱ्याचं, पण रोजचा कारभार माझ्याकडे असतो. काय शिजवायचं, किती शिजवायचं, कोण बाई न सांगता घरी राहिली, हे सगळं मी बघते. सकाळी फर्स्ट शिफ्टच्या आधी आत जाते आणि दुपारी शिफ्ट सुटली की बाहेर पडते. रात्रीचं आमचे चाचा सांभाळतात. ते इस्लामपूरचे, लग्नाच्या पंगतींत हात बसलेला आचारी.

माझा धाकटा दीर याच कारखान्यात प्रेसवर आहे. पत्रा सरकवायचा, हात मागे घ्यायचा, प्रेस खाली येतो, की पुन्हा पत्रा. आठवड्याला शिफ्ट बदलते: फर्स्ट, सेकंड आणि थर्ड, म्हणजे रात्रपाळी. नोकरी पर्मनंट. घरी ऊस आहे, पण दोन भावांच्या मुलाबाळांचं भागेल इतका नाही, त्यामुळे ‘पर्मनंट’ हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा उच्चारतात.

नावं ठेवण्यात या दिराचा हात धरणारा कुणी नव्हता. रांगेत उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, “वैनी, डाळीत डाळ टाकायची इसरलासा काय?”

“हातात चमचा हाय न्हवं? शोधा, घावंल.”

“घरी तर झ्याक करतासा की कालवण. हितंच काय होतंय?”

“घरी आत्या बघत असत्यात.”

आत्या म्हणजे आमच्या सासूबाई. सगळी रांग हसायची आणि माझी डाळ संपायची.

मग एका पावसाळ्यानंतर त्याचं बोलणं बंद झालं. ताट घ्यायचा, कोपऱ्यात बसायचा, जायचा. मला वाटलं, डाळ सुधारली. मदतीच्या बायकांना मी तसं सांगितलंसुद्धा.

घरी तो चिडका झाला होता. मुलीने टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून रिमोट भिंतीवर आपटला. मित्र आपल्याला हसतात असं म्हणायला लागला. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. माझे यजमान लष्करातून निवृत्त झालेले, त्यांचा सरळ संशय दारूवर. “त्वांडाचा वास घ्या कोनतरी,” म्हणाले. मी घेतला होता. दारूचा वास नव्हता.

एका संध्याकाळी धाकटी जाऊ आणि मी मेथी निवडत बसलो होतो. तो सेकंडला गेला होता. जाऊ खाली मान घालून म्हणाली, “आक्का, सोमवारपास्नं ह्यांची थर्ड हाय.”

“मग?”

“जाऊ नका म्हनावं का?”

“का गं?”

“म्हनत्यात, प्रेसम्होरं हुबा असतो आन् माझाच हात मला दुसऱ्याचा वाटतोय. मागं घ्याचा कळंना झालंय. नोकरी सोडतो म्हनत्यात. न्हाईतर हात जाईल.”

मेथी बाजूला ठेवली. नोकरी सोडली तर घर अडणार आणि नाही सोडली तर हात. नजर, दारू यातलं मला काही कळत नाही. मला खाण्यातलं कळतं, म्हणून मी तेच विचारलं. “थर्डला असल्यावर खातात काय?”

“घरी कुठं खात्यात? कँटीनला जेवून येत्यात की. सकाळी आल्या आल्या सांगत्यात, पोट भरलंय, उठवू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा निघायच्या तयारीत होते. त्यांना थांबवलं. “चाचा, प्रेसवरचे माझे दीर थर्डला काय घेतात?”

“चाय.”

“आणि?”

“आनखी चाय. ताट पुढं केलं की म्हणत्यात, चाचा, वैनीनं घरनं जेवायला घालूनच पाठवलंय. मी म्हटलं, नशीबवान हाय गडी.”

कँटीनमधली मी आणि घरातलीही मीच. हा माणूस माझ्या नावावर घरी कँटीनचं जेवत होता आणि कँटीनला घरचं. राग यायला हवा होता. पण मला आधी नवल वाटलं. चोरून खाणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. चोरून उपाशी राहणारा हा पहिलाच.

रविवारी तो अंगणात गाडी धूत होता. मी बादली उचलून बाजूला ठेवली आणि समोर उभी राहिले.

“भावजी, थर्डला जेवत का नाही?”

“कोन म्हनलं?”

“चाचा. आणि घरी तुम्ही कँटीनला जेवून येता. दोन्हीकडे जेवलेला माणूस इतका वाळत नाही.”

तो हसला. किती दिवसांनी हसला असेल कोण जाणे. फडकं पिळत म्हणाला, “आवं वैनी, तितं वडा-पाव नाहीतर पुरी-भाजी. ती खाल्ली की दोनाच्या पुढं डोळं मिटत्यात. प्रेसवर डोळं मिटलं तर नखं काढायचा त्रासच मिटला म्हना.”

“मग घरी आल्यावर?”

“घरी येऊन डोळा लागतो कुठं, तवर दुपारचं आई उठवती. ‘गरम हाय तवर खा, मग नीज.’ एकदा उठलो की झोप गेली ती गेली. छपराचा तडतडनारा पत्रा, ट्रॅक्टर, पोरं, सगळं ऐकत पडायचं. त्यापरीस जेवून आलोय म्हनलं की झोपू तरी देती.”

“म्हणजे तिथे झोप येऊ नये म्हणून खायचं नाही आणि इथे झोप मोडू नये म्हणून खायचं नाही.”

“व्हय.”

“मग जेवता कधी?”

तो विचार करायला लागला. खरोखरच आठवत होता. “रातच्याला निघताना, दोन घास,” म्हणाला, आणि हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला. एकेक कारण त्याला पाठ होतं, पण त्यांची बेरीज त्याने कधी केली नव्हती.

सोमवारी त्याला कारखान्यात पाठवायच्या ऐवजी मी त्याला घेऊन कराडला मनाच्या डॉक्टरकडे गेले. नुसत्या खाण्याने सगळं बरं होईल यावर मी विसंबणारी नाही. हात दुसऱ्याचा वाटतो म्हणणाऱ्या माणसाला उसळ पुरत नाही. घरी सांगितलं, पित्त वाढलंय.

गाडीवर तो मागे वळून म्हणाला, “वेड्याच्या डॉक्टरकडं नेताय व्हय मला?”

“व्हय. पुढं बघून चालवा, न्हाईतर दोघं हाडाच्या डॉक्टरकडं जाऊ.”

डॉक्टरांनी त्याला बराच वेळ बोलू दिलं. झोप विचारली, खाणं विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का तेही सरळ विचारलं. तो ‘न्हाई’ म्हणाला, पण लगेच म्हणाला नाही, ते मी ऐकलं. गोळ्या दिल्या आणि काही आठवडे रात्रपाळी नको अशी चिठ्ठी दिली. निघताना मी विचारलं, “डॉक्टर, मन खचलं म्हणून जेवण तुटलं, की जेवण तुटलं म्हणून मन खचलं?”

ते म्हणाले, दोन्ही होतं, एक दुसऱ्याला ओढतं, गोळ्या आणि जेवण दोन्ही चालू ठेवा. उत्तर बरोबर असेल, पण माझं समाधान झालं नाही. दूध नासलं तर मी भांड्यापासून शोधायला लागते.

म्हणून मी थर्डवाल्यांना विचारायला लागले. सकाळी सुटताना ते चहाला थांबतात. आधी लाजले. मग कुंडलचा एक गडी म्हणाला, तो दोन केळ्यांवर रात्र काढतो. एकाचं भागायचं तंबाखूवर. तिसरा म्हणाला, “पोट भरलं की डोळा लागतोय, बाई. रिकाम्या पोटी डोकं कसं तापलेलं ऱ्हातंय, जागं ऱ्हातंय.”

“आणि घरी गेल्यावर?”

“घरी बी तापलेलंच ऱ्हातंय की,” शेजारचा म्हणाला आणि सगळे हसले. त्यांच्या बायकांनी त्याला नावसुद्धा ठेवलेलं होतं: थर्डचं डोकं. त्या आठवड्यात नवऱ्याशी पैशांचं बोलायचं नाही, पाहुण्यांना बोलवायचं नाही, पोरांची प्रगतीपुस्तकं दाखवायची नाहीत. थर्डचं डोकं सगळ्यांना माहीत होतं. त्याखालच्या पोटात काय आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. अख्खी शिफ्ट बोटं वाचवायला उपाशी राहत होती, आणि उपाशी माणसाचं लक्ष आधी उडतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. शिल्लक राहिलेले वडे मी सकाळी बायकांना वाटून टाकत होते आणि वाटत होतं, चाचा जास्त तळतात.

रात्रीचं तळण मी बंद केलं. कंत्राटदार कुरकुरला, त्याला तेलाच्या डब्यांचा भाव सांगितला, गप्प झाला. मध्यरात्री मोड आलेल्या मटकीची उसळ आणि अर्धी भाकरी, तीही बसून. पहाटे ताक घातलेली आंबील.

चाचा म्हणाले, “आंबील? कारखान्यात काय जत्रा भरलीय?”

“भरली असं समजा.”

पहिल्या दिवशी निम्मी आंबील उरली. मग चाचांनी ती स्टीलच्या ग्लासातून थेट मशीनपाशी फिरवायला सुरुवात केली, चहासारखी. आयती हातात आलेली गोष्ट माणूस पितो.

घरचं अवघड होतं. कारण घरी सासूबाई होत्या.

“आत्या, भावजींची पुन्हा थर्ड लागली की दुपारी त्यांना उठवायचं नाही.”

“उपाशी निजवू लेकाला? माज्या घरात कवा कोन उपाशी निजलं न्हाई.”

यजमान मध्ये पडले. “आई, मी रातभर पोस्टवर असायचो, तवा दुपारी कोन उठवत हुतं मला?”

“तितं मी नव्हते. असते तर उठवलं असतं.”

“उठवणाऱ्याला साहेब शिक्षा द्यायचा. तुला बंदूक डोक्यावर धरून मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या.”

“मला?” सासूबाईंनी पदर सावरला. जाऊ तोंडावर हात ठेवून आत पळाली.

थोड्या वेळाने सासूबाई हळूच म्हणाल्या, “मग ती पोरं उठून गार खात हुती?”

“गारच.”

“म्हनून सुट्टीला यायचास तवा हाडं मोजता यायची तुजी.”

त्यांनी कबूल काही केलं नाही. सकाळी कामावरून आल्यावर तो खाऊन झोपेल, एक भाकरी आणि दूध, एवढं मी ठरवून घेतलं. दुपारी उठवण्याचा प्रश्न तसाच राहिला.

हिवाळा संपत आला तेव्हा डॉक्टरांनी रात्रपाळीला हरकत नाही म्हणून सांगितलं. गोळ्या चालूच होत्या. बोलायला लागला होता, मुलीचा अभ्यास घ्यायचा, पण थर्डचं नाव निघालं की जेवता जेवता हात थांबायचा. निघाला त्या रात्री जाऊ दारातून हलेना. मीच तिला म्हणाले, “झोप आता, तू जागून प्रेस थांबत नाही.”

सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेटवर होते. थर्ड सुटली. तो बाहेर आला, आणि मी आधी हातांकडे पाहिलं. बोटं सगळी जागेवर होती.

“कसं काय?” मी विचारलं.

त्याने गाडीची किल्ली काढली, माझ्याकडे पाहिलं आणि मागून येणाऱ्या चार-पाच जणांना ऐकू जाईल असं म्हणाला, “वैनी, मटकी शिजवायची ऱ्हाईली काय? नुसती दाताखाली करकर करत हुती. घोडी बांधलीत व्हय आत?”

मागचे हसले. तो घरी गेला, खाऊन झोपला. दुपारी काय झालं ते मला जाऊने सांगितलं. भाकरीच्या वेळेला सासूबाई त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, कडीला हात लावला आणि परत फिरल्या. गार भाकरी मुलाला द्यायची हे काही त्यांच्याने झालं नसतं. त्यांनी पीठ झाकून ठेवलं आणि चारला तो आपणहून उठला, तेव्हा तवा पुन्हा चढवला. अजूनही थर्डच्या आठवड्यात आमच्या घरी भाकऱ्या दोनदा होतात.

गोळ्यांनी केलं, झोपेने केलं की आंबिलीने, मला अजून सांगता येत नाही. त्या सकाळी मात्र गेटमधून मी तडक कँटीनमध्ये गेले, पातेल्यात उरलेली उसळ चमचाभर तोंडात टाकली आणि चाचांना हाक मारली. मटकी खरंच कच्ची होती.