शेवयांच्या मशीनसाठी कमावलेली पत

पाच मार्च. गिरणीच्या दगडाला टाकी लावायला बसले होते. पीठ गरम यायला लागलं की दगड गुळगुळीत झालाय असं समजायचं, पट्टा उतरवायचा आणि छिन्नीनं दगड पुन्हा खडबडीत करायचा. या कामाला माणूस बोलावला तर तो दोन दिवस चहा पितो आणि तिसऱ्या दिवशी काम करतो, म्हणून मी ते शिकून घेतलं. शिवाय दुसऱ्या दिवशी मला बँकेत जायचं होतं. शेवयांच्या मशीनसाठी कर्जाचा अर्ज द्यायचा होता. त्यामुळं गिरणीचं काम आजच उरकायचं होतं.

गिरणीच्या आधी माकणीच्या रस्त्याला माझं कपड्यांचं दुकान होतं. टाळेबंदीत लग्नं थांबली, माल पडून राहिला आणि दुकानाचं दिवाळं निघालं. बँकेनं दुकानाच्या कर्जातलं तडजोडीत थोडं सोडलं, उरलेलं मी पाटल्या मोडून भरलं. माझ्या लेखी विषय संपला. बँकेच्या लेखी संपला नव्हता, हे मशीनसाठी पहिल्यांदा कर्ज मागायला गेले तेव्हा कळलं. जनावरांचा डॉक्टर आजारी म्हशीकडं बघतो तसं अधिकाऱ्यानं आधी माझ्या कर्जफेडीच्या स्कोअरकडं आणि मग माझ्याकडं बघितलं.

मोबाईलच्या दुकानात प्रीपेड कार्ड मिळायचं. आधी पैसे भरायचे, मग खर्च करायचा. स्कोअर सुधारायला मला ते लई पटलं. आमच्या गावात ज्याच्या नावावर किराणा दुकानात उधारी नाही, तो माणूस चांगला. मी वर्षभर लाईट बिल, गॅस, गिरणीचं ग्रीस, सगळं त्या कार्डावर घेतलं आणि ताठ मानेनं बँकेत गेले. स्कोअर जागचा हलला नव्हता.

अधिकारी म्हणाला, "काकू, हे तुमचेच पैसे. तुम्ही कुणाकडून घेतलंच न्हाई, तर फेडलं काय? बँकेला तुमची पत दिसणार कशी?"

म्हणजे गावात उधारी नसणारा शहाणा आणि बँकेत उधारी घेऊन वेळेवर फेडणारा शहाणा. वर्ष वाया गेलं. पण त्यावर बोलत बसायला मला वेळ नव्हता, म्हणून विचारलं, "मग करायचं काय?" त्यानं मुदतठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड सांगितलं. ठेव बँकेकडं अडकून राहणार, तिच्या जोरावर कार्ड मिळणार. मर्यादेच्या पाव भागापुढं जायचं नाही आणि बिलाची तारीख चुकवायची नाही.

घरी येऊन सासूबाईंना समजावलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं. "आपलेच पैशे बँकेत कोंडायचे, आन् त्यांच्याच जिवावर बँकेकडून उसनं आणायचं? लई शान्याचं काम हाय बाई."

"व्हय आत्या. पण मशीन असंच मिळतंय."

वर्षभर मी त्या कार्डावर गिरणीचा पट्टा आणि गॅस, एवढंच घेतलं. बिल आलं की त्याच दिवशी भरलं. स्कोअर चढला आणि अधिकाऱ्यानं निरोप धाडला, आता अर्ज द्या.

तर पाच मार्चला, मी दगडावर वाकलेली असताना, धाकटा दीर दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमचं कार्ड द्या की. फोन घ्यायचाय. हप्ते मी भरतो."

"आहे त्या फोनला काय झालं?"

"फोटू चांगले येत न्हाईत."

"भावजी, त्यात फोनचा दोष न्हाय."

तो हसला, पण जागचा हलला नाही. "कार्ड काय देव्हाऱ्यात ठेवून पुजणार हाय का?"

"कर्ज मंजूर होईस्तोवर पुजणारच हाय. फोन घेतला तर मर्यादा एका झटक्यात भरंल. अन् तुमचा एक हप्ता चुकला की माझं मशीन गेलं."

"चुकंल कसा?"

"मोटारसायकलचा चुकला तसा."

सासूबाई आतून म्हणाल्या, "धाकटा हाय, दे की. घरातलाच हाय."

"आत्या, बँकेला धाकटा-थोरला कळत न्हाय. तारीख कळती."

दीर पाय आपटत गेला. सासूबाईंनी संध्याकाळी माझ्या हातचा चहा घेतला नाही, माझ्या लेकाला करायला लावला. त्यानं त्यात साखर इतकी घातली की त्यांना अर्धा कप टाकावा लागला. मी गिरणीत गेले. दगड चढवला, पट्टा बसवला आणि थोडे गहू दळून बघितले. पीठ गार आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापून ठेवल्या आणि पहिल्या गाडीनं लोहाऱ्याला बँकेत गेले. अधिकाऱ्यानं कार्डाची बाकी बघितली, मान डोलावली आणि म्हणाला, "काकू, आता तुम्हाला जास्ती मिळतंय. मोठं मशीनच घ्या की."

"शेवया उन्हाळ्याचे तीनच महिने चालतात," मी म्हणाले. अर्जात लहान मशीनचीच रक्कम लिहिली आणि सही केली. मंजुरीला आठवडा लागेल म्हणाला. बाहेर येऊन मशीनवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, एक लहान मशीन माझ्यासाठी राखून ठेवा, पाडव्याच्या आत पाहिजे.